माग सोडून दुसरे कोणतेही कारण

८ जानेवारी १९७९, सोमवार
आजही अकराच्या सुमारास सुरू झाले. आधी डोळ्यांच्या वर, मग कानांच्या मागे, मग सगळे डोके कोणी दोरीने आवळल्यासारखे. दसऱ्यापासून एक दिवस सुटका नाही. महाल वस्तीतले वैद्य म्हणाले, वही करा. कधी दुखते, काय खाल्ले, कुठे बसला होता, सगळे लिहा म्हणजे कारण सापडेल. सूतवाल्या शेटने दिलेली डायरी कोरीच पडली होती, ती घेतली. शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर वाचण्यासारखे आहे.
काय खाल्ले : भाकर, वांग्याची भाजी. कुठे बसलो : मागावर. दुसरीकडे कुठे बसणार? पन्नास वर्षे झाली.
वसंताने जेवताना पुन्हा तेच सुनावले. "बाबा, कारण काहून शोधून राहिले? कारण तं समोर आहे. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय, मान खाली, कानाशी खटखट. डोकं नाही दुखन तं काय होईन?"
पोरगा सीताबर्डीला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नोकरी करतो. समोरच्या खोलीत स्वतःचे दुकान काढायचे त्याच्या मनात आहे. माग काढायचा, खड्डा बुजवायचा, वर फरशी. त्याचे चुकते असे नाही. पण मग मी कुठे बसू? दिवसभर ओट्यावर बसून लोकांच्या सायकली मोजू?
कारण शोधायचेच. माग सोडून दुसरे कोणतेही चालेल.

९ जाने.
डो. पावणेअकरा. गो. सहा.
आता असेच लिहीन. डो. म्हणजे दुखणे, गो. म्हणजे गोळी. नाक्यावरच्या पानठेल्यावर मिळते, सुपारीच्या डब्याशेजारी बरणीत ठेवतो तो. पांढरी, चांदीच्या कागदातली. सकाळी मागावर बसतानाच एक घेतो, दुखणे येण्याच्या आधी. माग कुरकुरायला लागल्यावर तेल द्यायचे नसते, आधीच द्यायचे असते. बाकीच्या दिवसभरात, चहाबरोबर.
वैद्यांनी विचारले होते, आधीचे काही औषध चालू आहे का? मुळीच नाही म्हटले. बाटल्या आणि पुड्या मला आवडत नाहीत. तरी त्यांनी एक पुडी दिलीच. नाकात तूप सोडायलाही सांगितले.

११ जाने.
डो. अकरा. गो. सहा. नाकात तूप. दिवसभर सगळ्याला तुपाचा वास, सुताला सुद्धा.
वसंता आज मोजायची टेप घेऊन आला. खोली मोजायला लागला. मी मागावर बसलेला, आणि हा माझ्या पाठीमागून भिंतीपर्यंत टेप धरतो!
"मी मेलो का रे?" म्हटले.
"मोजून पाहून राहिलो फक्त."
"लाकडं आणताना पण आधी मोजतात."
त्याची आई धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. चरखा थांबवून म्हणाली, "सकाळी सकाळी असं नका बोलू. आन् तू वं सुमन, त्या टेपचं दुसरं टोक कायले धरून राहिली?" सूनबाईने टोक सोडले, ते सळकन जाऊन वसंताच्या बोटावर आपटले. मला हसू आले. डोके आणखी दुखले.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ घ्यायला जे आले ते सगळे डॉक्टर होऊन आले. कोणी म्हणते पित्त. कोणी म्हणते संत्री बंद करा. मागच्या गल्लीतली म्हातारी म्हणाली, नजर. वसंताच्या आईने लगेच मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरचीचा ठसका कोणालाच आला नाही, म्हणजे नजर जबरदस्त आहे म्हणे. संध्याकाळपर्यंत डो. होतेच. मग म्हणते, "नजर दोघातिघाची असन."
दोघातिघांची नजर लागावी असे माझ्याजवळ आहे काय? एक माग, तोही बापाचा.
गो. सात. सण होता.

१८ जाने.
डोळे! हे आधीच सुचायला हवे होते. बारीक सूत, काठावरची नक्षी, पासष्टी ओलांडलेली. बर्डीला चष्म्याच्या दुकानात गेलो. मशीनमागच्या पोराने काच बदलून बदलून विचारले, हे बरं की हे बरं? पाचव्या वेळी मला दोन्ही सारखेच दिसायला लागले, पण तसे सांगण्याची लाज वाटली. "हे बरं" म्हटले. चष्मा सहा दिवसांनी.
घरी आल्याबरोबर वसंताला सांगितले, नंबर बदललाय, कारण सापडले. तो म्हणाला, "चांगलं झालं." मनापासून म्हणाला की नाही, सांगता येत नाही.

२४ जाने.
चष्मा आला. सूत दोरखंडासारखे दिसते. मागाच्या फणीची एक एक काडी मोजावी. वसंताच्या आईचे तोंडही पुष्कळ वर्षांनी नीट दिसले, तिला तसे म्हटले तर म्हणाली, "मंग? पसंत आहे का?"
डो. अकरा वाजून पाच.
पाच मिनिटे उशिरा आले. एवढाच फायदा.

२९ जाने.
दात. उजवीकडची खालची दाढ हलत होतीच. दातवाला म्हणाला, दाढेची शीर थेट डोक्यात जाते, ही काढली की बघा. काढली. शेजारचीही काढली, म्हणाला तिचाही भरवसा नाही. गाल सुजून लिंबाएवढा. बोलता येत नाही.
डो. आहेच. आता तोंडही. गो. आठ.
दोन दात गेले, वैद्याचे तूप गेले, नवा चष्मा नाकावर. आणि सगळे त्याच जागी. मला आता माझ्या डोक्याचाच राग यायला लागला आहे. एवढे करूनही ते ऐकत नाही.

२ फेब्रु.
श्यामराव आला होता. आम्ही दोघे एकाच साली मागावर बसलो. त्याने दोन वर्षांपूर्वी माग विकला, आता एका गोदामावर चौकीदार आहे, खुर्ची आहे, काठी आहे. म्हणाला, "अंबादास, मलेही दुखे गा डोकं. सोडला माग, थांबलं."
वसंता तिथेच उभा. तोंड असे केले की जणू कोर्टात साक्षीदार मिळाला.
श्यामरावला ओट्यावर नेऊन म्हटले, "तू माझा दोस्त आहेस का वसंताचा?"
म्हणाला, "खरं तेच सांगतलं ना."
"तुझं कधी दुखे? मले तं आठवत नाही."
"तुले सांगून काय फायदा होता? तू म्हटलं असतं, माग सोडून दुसरं काही असन."
चहा न पिता गेला. मीही आग्रह केला नाही.

४ फेब्रु., रविवार
लिहावेसे वाटत नाही, पण वही केली आहे तर लिहितो. काठाची नक्षी चुकली. वीतभर विणून झाल्यावर लक्षात आले. पन्नास वर्षांत असे झाले नव्हते. डोळ्यांवर ठणका, हात आपोआप चालले. सगळे उसवले. सुमनने तुटलेली टोके बांधायला मदत केली.
समजा मागच असेल तर?
ही ओळ खोडणार होतो. राहू देतो.

६ फेब्रु.
वसंताशी बोलणे झाले. ओरडणे नाही, बोलणे. तो म्हणाला, "आठ दिवस मागावर बसू नका. तरीही डोकं दुखलं, तं मी पुन्हा कधी मागाचं नाव काढणार नाही. मले कायमची नोकरी करा लागली तरी चालन. पण थांबलं तं बाबा, खड्डा बुजवू द्या."
त्याची आई साक्षीला. तिने दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, "तुमचं दोघाचं डोकं एकदाच उतरवून ठेवा फळीवर."
मी हो म्हटले. जोरात म्हटले. शुक्रवारपासून.
आता आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला डोके दुखू दे म्हणून सांगणार.

८ फेब्रु.
सुमनने नेले. नाही म्हटले होते, पण ती म्हणाली, "मामाजी, एवढे जण झाले, एक अजून." धर्मादाय दवाखाना, डॉक्टरीणबाई. रांग दोन तासांची.
बाईंनी प्रकाश टाकून डोळे पाहिले, मानेवर दाबले, हातोडीने गुडघा ठोकला. मग तेच. काही औषध घेता का?
"काही नाही," म्हटले.
सुमनने पिशवीतून रुमाल काढला आणि टेबलावर उलटा केला. चांदीचे कागद. ढीग. मागाचा खड्डा झाडते तेव्हा पायाने दाबायच्या पावड्यांखाली सापडले म्हणे, पंधरा दिवसांचे. बाई एकेक मोजत होत्या आणि मला चारचौघांत धोतर सुटल्यासारखे झाले.
"रोज किती?"
"सहा. कधी सात. पण बाई, ते औषध थोडेच आहे, पानठेल्यावर मिळते."
कधीपासून, तर दसऱ्याला सर्दीतापात डोके दुखले होते तेव्हापासून. दुखण्याच्या आधीच का घेता, तर मागाला तेल आधी देतात म्हणून. सांगितले सगळे. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, डोके म्हणजे माग नाही. रोज गोळी घेतली की डोक्याला तिची सवय लागते. ती उतरली की डोके दुखते, तुम्ही पुन्हा घेता, पुन्हा उतरते. सर्दी कधीच गेली. आता दुखणे गोळीचे आहे."
गोळी डोके दुखवते! दुखू नये म्हणून घ्यायची ती!
उद्यापासून एकही घ्यायची नाही. पहिले काही दिवस फार त्रास होईल, पाचसहा दिवस, कधी जास्त, मग कमी होईल. वाटेत सुमनवर चिडलो. घरात चोरासारखी कागद गोळा करत होती, म्हटले. ती म्हणाली, "तुमच्या पोराले दाखवले असते तं चोरासारखं झालं असतं."

९ फेब्रु., शुक्रवार
आठातला पहिला दिवस. माग बंद. गोळीही बंद.
काल झोपण्याआधी पुष्कळ हिशोब केला. बाई खऱ्या असतील तर या आठवड्यात डोके फार दुखेल. दुखले की माग निर्दोष. बाई खोट्या असतील तरी दुखेलच, कारण दुखतेच आहे. दोन्हीकडून माझेच. वसंताला गोळ्यांचे काही बोललो नाही. सुमनलाही सांगितले, बोलू नको. ती म्हणाली, "मामाजी, एका वेळेस एकच सोडायला पायजे होतं." मी म्हटले, तुला काय कळते.
डो. नऊ वाजताच.

१० फेब्रु.
डो. उठल्यापासून. बर्डीचा सगळा गोंगाट कपाळात. हातांना काम नाही. वसंताने विचारले, "दुखून राहिलं?"
"मस्त दुखून राहिलं," म्हटले. त्याच्या आईने कपाळाला हात लावला, ताप आहे का पाहिले.

११ फेब्रु.
ओकारी. अन्न नको. अंधारात पडून. गोळी एकच एक दिसते डोळ्यांपुढे. पानठेल्यापर्यंत जाऊन परत आलो.
तरी आत कुठेतरी आनंद. काय माणूस आहे मी.

१२ फेब्रु.
तसेच. वसंता दुकानात न जाता घरी बसला. पाय दाबले. मी झोपलो आहे असे समजून आईला म्हणाला, "माग बंद केल्यानं बिघडलं का वं त्यायचं?" आई म्हणाली, "तुलेच माहीत." पोराचा आवाज रडका होता. मी डोळे उघडले नाहीत.

१३ फेब्रु.
डो. दुपारपर्यंत. मग बोथट.

१४ फेब्रु.
डो. थोडे, सकाळी. दुपारी चरख्याचा आवाज ऐकत बसलो होतो, वसंताची आई कोणाच्या तरी कांड्या भरत होती. पुष्कळ वेळाने लक्षात आले की मी काहीच सोसत नाही आहे.
घाबरलो.

१५ फेब्रु.
डो. नाही.
दिवसभर नाही. डोके असे हलके की जणू कोणाचे उसने आणले आहे. भाकरीला चव. उन्हाला रंग. अकरा वाजले, बारा वाजले, वाट पाहून थकलो. दसऱ्यापासून ज्याच्यासाठी धडपडलो ते झाले, आणि मी ओट्यावर बसून, आता ये, आता तरी ये, म्हणतो आहे.
वसंताने संध्याकाळी विचारले. "थोडं थोडं आहे," म्हटले. खोटे. सुमनने ताट ठेवले, माझ्याकडे पाहिले, गेली.

१६ फेब्रु., शुक्रवार
आठवा दिवस. सकाळी पानठेल्यावर उभा राहिलो. चार गोळ्या घेतल्या. आता दोन-दोन करून घेतल्या की उद्या उतरतील, उद्या डोके फुटेल, माग वाचेल. हातात धरून घरी आलो. मागासमोर बसलो. धोटा जिथे ठेवला होता तिथेच, त्यावर आठ दिवसांची धूळ. धोतराने पुसला.
गोळ्या नालीत टाकल्या. मोठेपणा नाही. पुन्हा ते चार दिवस नकोत एवढेच.
रात्रीचे जेवण व्हायच्या आधी वसंताला म्हटले, "थांबलं."
"काय थांबलं?"
"डोकं. काल सकाळपासून."
त्याने माझा हात धरला. दोन्ही हातांनी. "खरंच बाबा? बिलकूल नाही?" तोंड असे झाले जसे लहानपणी जत्रेतून येताना व्हायचे. त्या वेळी त्याच्या मनात दुकान नव्हते, हे मी डायरीत पक्के लिहून ठेवतो. मग हळूच त्याची नजर खड्ड्याकडे गेली. तेही लिहितो.
तेव्हा सुमन बोलली. "मामाजीनं माग सोडला, गोळ्याही त्याच दिवशी सोडल्या."
"कोणत्या गोळ्या?"
सगळे बाहेर आले. रोज सहा, दवाखाना, रुमाल. वसंता कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे. "मले काहून नाही सांगतलं?"
"औषध थोडेच होते."
त्याची आई म्हणाली, "म्हणजे थांबलं कायनं? माग सोडल्यानं का गोळ्या सोडल्यानं?"
 कोणाला माहीत होते?

१७ फेब्रु.
सकाळीच वसंता समोर येऊन बसला. रात्रभर विचार केला असावा. "मागावर बसा," म्हणाला. "गोळी न घेता. दुखते का पाहा."
"दुखलं तर?"
"तुमीच सांगा मले. मी विचारणार नाही. टेपही आणणार नाही. तुमच्या डोक्यात काय चाल्लं ते मले कसं दिसन?"
आधीचा करार बरा होता. त्यात भांडता येत होते.

१९ फेब्रु., सोमवार
बसलो. पाय पावड्यांवर ठेवले, बोटांना लाकूड ओळखू आले. वसंताच्या आईने आपल्या कांड्या आणून ठेवल्या, ताज्या. दोन तास विणले. डो. नाही. मान दुखली, पण मान म्हणजे डोके नव्हे.

२० फेब्रु.
डो. नाही. संध्याकाळी थोडे वाटले. की वाटते म्हणून वाटले? दर पाच मिनिटांनी थांबून डोके तपासतो. धोटा हातात, कान कपाळाकडे. अशाने कापड कसे होणार?

२१ फेब्रु.
डो. दुपारी, जरासे. उन्हात पाजणीला उभा होतो, ताण्याला खळ लावत, गल्लीत, डोक्यावर टोपी नाही. ऊन असू शकते. लिहिले ऊन.
मग ऊन खोडले. आणि पुन्हा लिहिले.

२२ फेब्रु.
सकाळपासून मागावर. वीतभर काठ झाला, बिनचूक. डोके जड. दुखत नाही, जड. की हेच आधी दुखणे म्हणत होतो? दुखणे नक्की कुठून सुरू होते ते दसऱ्यापासून रोज लिहायला हवे होते, फक्त वेळ लिहीत बसलो.
वसंता दुकानाला निघाला. चपला घातल्या, सायकल काढली, आणि ती धरून दारातच उभा राहिला. विचारणार नाही म्हणाला होता, विचारले नाही. नुसता उभा. सुमन मागून म्हणाली, "उशीर होऊन राहिला."
तरी जाईना.
शेवटी मीच ओरडलो, "अरे, पाहून राहिलो ना! पाहू दे की मले!"
मग तो गेला. मी पुन्हा विणायला घेतले.